लाल शाईची दुरुस्ती : लू शून आणि फुजिनो गुरुजी

परदेशातून आलेल्या विद्यार्थ्याशी संवाद साधावा, म्हणजे त्याच्यात आणि आपल्यात समान असे काही सापडते, असे सर्रास म्हटले जाते. म्हणणारे सज्जन असतात आणि त्यांचा हेतूही चांगला असतो. पण ही समान भूमी सापडते म्हणजे नेमके काय होते, याचा तपशील सहसा कोणी देत नाही. दोघांच्या आवडी जुळल्या, दोघांना एकच पदार्थ आवडला, दोघांच्या घरी आईवडिलांचे ऐकतात असे कळले, एवढ्यावर आपण समाधान मानतो. या प्रश्नाचा जरा खोलात जाऊन विचार करायचा तर विसाव्या शतकाच्या आरंभीची एक गुरुशिष्यांची जोडी आम्हांला उपयुक्त वाटते. या जोडीतला शिष्य पुढे आधुनिक चिनी गद्याचा जनक ठरला. गुरू मात्र एका जपानी खेड्यात वैद्यकी करणारे साधे डॉक्टर म्हणून वारले. दोघांमध्ये जे बोलणे झाले ते फार थोडे होते, आणि त्यातले निम्मे तर फसलेलेच होते. तरीही त्या ओळखीवर शिष्याने एक निबंध लिहिला आणि गुरूंनी अकरा वर्षांनी एक टिपण लिहिले. हे दोन्ही लेख शेजारी ठेवून वाचले की पहिल्या प्रश्नाला थोडेफार उत्तर मिळते.

शिष्याचे खरे नाव चौ शूरन. लू शून हे त्याने पुढे १९१८ मध्ये घेतलेले टोपणनाव. जन्म १८८१, चीनमधील शाओशिंग गावी. वडिलांच्या दीर्घ आजारात पारंपरिक वैद्यांच्या औषधांपायी घर बुडाले आणि १८९६ मध्ये वडीलही गेले. १९०२ साली सरकारी शिष्यवृत्तीवर तो जपानला आला, तोक्योमध्ये दोन वर्षे भाषा शिकला आणि सप्टेंबर १९०४ मध्ये उत्तरेकडच्या सेंदाई शहरातील वैद्यकीय विद्यालयात दाखल झाला. त्या विद्यालयातला तो पहिला चिनी विद्यार्थी.

तो तोक्यो सोडून इतक्या दूर का गेला, याचे उत्तर त्याच्या ‘फुजिनो गुरुजी’ या निबंधाच्या आरंभी मिळते. निबंधाची सुरुवात फुजिनोंपासून होतच नाही. ती होते तोक्योतल्या चिनी विद्यार्थ्यांपासून. उएनोच्या बागेत चेरी फुलली की हे विद्यार्थी घोळक्याने फिरतात. लांब वेण्या डोक्यावर गुंडाळून वर टोपी घालतात, त्यामुळे टोपीचा उंच डोंगर होतो. संध्याकाळी त्यांच्या वसतिगृहात नाचाचे धडे चालतात आणि साऱ्या खोलीत धूळ उडते. लू शूनने स्वतःची वेणी १९०३ मध्येच कापून टाकली होती. भाषा तीच, देश तोच, वयही तेच. पण या मंडळींशी त्याचे जुळत नव्हते. जिथे समान भूमी आयती मिळायला हवी होती तिथे ती नव्हती, हे निबंधाने पहिल्याच पानावर सांगून टाकले आहे. पुढचे सारे याच्या उजेडात वाचायचे.

सेंदाईला त्याची बडदास्त चांगली ठेवली गेली. फी माफ झाली. त्याच्या राहण्याजेवण्याची काळजी काही मंडळींनी आपण होऊन वाहिली. पहिली खाणावळ तुरुंगातल्या कैद्यांचेही जेवण पुरवत असे. ते शोभत नाही म्हणून एका गृहस्थाने त्याला आग्रहाने दुसरीकडे हलवले. तिथे रोज घशाखाली न उतरणारे अळूच्या देठांचे सार प्यावे लागले! लू शून हे हसत सांगतो, पण त्याचा रोख बोचरा आहे. जी वस्तू दुर्मीळ तिचे मोल जास्त, असा तो हिशेब मांडतो. त्याच्या वाट्याला आलेली आस्था ही दुर्मीळ जिनसेच्या वाट्याला येणारी आस्था होती, हे त्याला समजत होते. परदेशी पाहुण्याशी आपण जे गोड बोलतो त्यातले किती त्याच्याशी असते आणि किती त्याच्या नवलाईशी, हा प्रश्न त्याने असा सहज जाता जाता विचारून ठेवला आहे.

आता फुजिनो. फुजिनो गेनकुरो हे शरीरशास्त्राचे प्राध्यापक. निबंध वाचताना डोळ्यांसमोर एक वयोवृद्ध आचार्य उभे राहतात. प्रत्यक्षात त्यांचा जन्म १८७४ चा, म्हणजे १९०४ मध्ये त्यांचे वय अवघे तीस होते आणि शिष्याचे तेवीस. काळेसावळे, बारीक, मिशा राखलेले, बोलण्यात हेल; कपड्यांच्या बाबतीत इतके बेफिकीर की नेकटाय बांधायलाही विसरत. हिवाळ्यात अंगावर एकच जुना कोट. तो कोट पाहून आगगाडीत एका कंडक्टरला ते खिसेकापू वाटले आणि त्याने उतारूंना सावध केले, असा किस्सा वर्गातले नापास झालेले जुने विद्यार्थी सांगत. पहिल्याच तासाला ते पुस्तकांचा एक भारा घेऊन आले आणि जपानमधील शरीरशास्त्राचा इतिहास सांगू लागले. त्या पुस्तकांत काही जुनी, दोऱ्याने शिवलेली होती आणि काही चिनी भाषांतरांवरून पुन्हा छापलेली. लू शूनच्या नजरेने ही गोष्ट नेमकी टिपली. जपान आपल्या पुढे गेला आहे अशी बोच घेऊन आलेल्या मुलाला गुरूंच्या भाऱ्यात आपल्या देशाची पुस्तके दिसली. यावर वर्गात कोणी काही बोलले नाही. पण दोघांमधील पहिली गाठ या पुस्तकांनी घातली असावी, असे आम्हांला वाटते.

आठवडाभराने फुजिनोंनी त्याला आपल्या खोलीत बोलावले. भोवती हाडे आणि कवट्या. माझी व्याख्याने तुला उतरवून घेता येतात का, असे त्यांनी विचारले. थोडीफार, असे त्याने सांगितले. वही आणून दे, ते म्हणाले. दोन-तीन दिवसांनी वही परत आली तेव्हा ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत लाल शाईने दुरुस्त केलेली होती. गाळलेले भाग भरलेले होते, इतकेच काय, व्याकरणाच्या चुकाही सुधारलेल्या होत्या. हा क्रम दर आठवड्याला चालू राहिला. अस्थी, रक्तवाहिन्या, मज्जातंतू असे फुजिनो शिकवत असलेले सारे विषय संपेपर्यंत त्यात खंड पडला नाही.

दोघांमधले खरे संभाषण या वहीत झाले. तोंडी बोलण्याचे जे प्रसंग निबंधात आले आहेत ते तीन-चारच आहेत आणि त्यांतला एकही सरळ पार पडलेला नाही. एकदा फुजिनोंनी हाताच्या रक्तवाहिन्यांची आकृती दाखवून म्हटले की ही वाहिनी तू जरा सरकवली आहेस. अशी ती दिसते छान, पण हे चित्रकलेचे चित्र नव्हे आणि वस्तू जशी आहे तशी बदलण्याचा आपल्याला अधिकार नाही. शिष्याने मान डोलावली आणि मनात म्हटले की आकृती तर मी चांगलीच काढली आहे. खरी वाहिनी कुठे असते ते माझ्या लक्षात आहे. दुसऱ्या वर्षी शवविच्छेदन सुरू झाले. तेव्हा फुजिनोंनी मोठ्या समाधानाने सांगितले की, चिनी लोक मृतात्म्यांना फार मानतात असे ऐकले होते, म्हणून तू शवाला हात लावणार नाहीस अशी मला धास्ती होती. तिसऱ्यांदा त्यांनी विचारले की चिनी बायका पाय बांधतात ते नेमके कसे, पायाची हाडे कोणत्या प्रकारे वाकतात. आणि प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय हे कळायचे नाही म्हणून सुस्कारा टाकला. या प्रश्नाने आपण अवघडून गेलो, असे लू शून लिहितो.

या तीन प्रसंगांत परदेशी विद्यार्थ्याशी होणाऱ्या संवादाचे सारे खाचखळगे आले आहेत. पहिल्यात शिष्य वरवर होकार देतो आणि मनात नकार. दुसऱ्यात गुरू एका माणसाकडे पाहताना सबंध देशाबद्दलची ऐकीव माहिती मध्ये आणतात. तिसऱ्यात कुतूहल शुद्ध आहे, शास्त्रीय आहे, पण ते नेमके समोरच्याच्या लाजेवर बोट ठेवते. आज कोणी या बोलण्याचे मूल्यमापन करू लागला तर फुजिनोंना फारसे गुण मिळायचे नाहीत. मग या ओळखीत टिकले काय? आमच्या मते, टिकली ती वही. वहीवर दोघांचे काम होते. शिष्याने चीनबद्दल काय सांगावे आणि गुरूंनी चीनबद्दल काय मानावे, हा प्रश्न वहीच्या पानावर उद्‌भवतच नव्हता. तिथे प्रश्न होता तो अमुक वाहिनी अमुक हाडाच्या कोणत्या बाजूने जाते एवढाच, आणि त्याचे उत्तर दोघांनाही सारखेच बांधील होते. वस्तू जशी आहे तशी बदलण्याचा अधिकार नाही, हा नियम चिनी विद्यार्थ्याला होता तसा जपानी प्राध्यापकालाही होता. अशा ठिकाणी चूक दाखवणे हा अपमान ठरत नाही. किंबहुना समोरच्याची चूक दाखवण्याइतके त्याला गंभीरपणे घेणे, हाच तिथे आदर असतो. खाणावळ बदलून देणाऱ्या गृहस्थाची आस्था आणि लाल शाईची आस्था यांत फरक आहे तो हा.

या वहीवरच पुढे संकट आले. विद्यार्थी मंडळाचे काही पुढारी त्याच्या खोलीवर येऊन वह्या चाळून गेले. पाठोपाठ टपालाने एक जाड पाकीट आले. त्यातल्या पत्राची सुरुवात पश्चात्ताप कर अशा बायबलच्या शब्दांनी होती. रशिया-जपान युद्ध सुरू झाल्यावर टॉलस्टॉयने रशियाचा झार आणि जपानचा सम्राट यांना उद्देशून १९०४ मध्ये जे पत्र प्रसिद्ध केले होते, त्याच्या आरंभाची ही उचल होती. आरोप असा की शरीरशास्त्राच्या परीक्षेतले प्रश्न फुजिनोंनी वहीत खुणा करून या चिन्याला आधीच कळवले, म्हणून तो उत्तीर्ण झाला. लू शूनने हे फुजिनोंच्या कानावर घातले, काही वर्गमित्रांनी निषेध केला आणि अफवा विरली. या प्रकरणाचा शेवट निकालपत्रकात आहे. पहिल्या वर्षाच्या निकालात १४२ विद्यार्थ्यांमध्ये लू शूनचा क्रमांक ६८ वा आणि सरासरी गुण ६५.५. सर्व विषयांत सर्वांत कमी गुण शरीरशास्त्रात, ५९.३. साठाच्या आत, म्हणजे त्या विषयात तो नापासच. शरीरशास्त्र फुजिनो आणि आणखी एक प्राध्यापक मिळून शिकवत. ज्या विषयात पक्षपात झाल्याचा आरोप, त्याच विषयाने त्याला खाली खेचले होते! चीन दुबळा देश आहे, म्हणून चिनी माणूस मठ्ठच असला पाहिजे आणि त्याला साठाच्या वर गुण मिळाले तर ते त्याचे स्वतःचे असणारच नाहीत, असे या आरोपामागचे तर्कशास्त्र लू शूनने निबंधात उघड करून दाखवले आहे. त्याचा स्वर शांत आहे, आणि शांत आहे म्हणूनच तो जास्त झोंबतो.

यानंतरचा प्रसंग साहित्याच्या प्रत्येक अभ्यासकाला ठाऊक आहे. जंतुशास्त्राच्या तासाला वेळ उरला की युद्धाच्या स्लाइड दाखवत. एका स्लाइडमध्ये रशियनांसाठी हेरगिरी केल्याच्या आरोपावरून जपानी सैनिक एका चिनी माणसाला देहदंड देत होते आणि भोवती चिनी लोकच बघ्यासारखे उभे होते. वर्गात जयघोष झाला. वैद्यकाने शरीरे बरी होतील, पण या बघ्यांचे मन कोण बदलणार, या विचाराने आपण साहित्याकडे वळलो, असे लू शूनने ‘रणहाक’ या कथासंग्रहाच्या १९२२ च्या प्रस्तावनेत सांगितले. तिथे माणसाचा शिरच्छेद होणार आहे. चार वर्षांनंतरच्या ‘फुजिनो गुरुजी’त त्याला गोळी घातली जाते. विद्यालयाच्या वारसा-संस्थेत, म्हणजे तोहोकु विद्यापीठात, १९६५ मध्ये या स्लाइडच्या संचातल्या पंधरा काचा सापडल्या, पण त्यांत हा प्रसंग नाही. घटना घडली की नाही यावर अभ्यासकांनी पुष्कळ वाद घातला आहे. आम्हांला इथे एवढेच नोंदवायचे आहे की, निबंधात हा प्रसंग फुजिनोंच्या वहीनंतर लगेच येतो. एका बाजूला एक जपानी माणूस एका चिनी मुलाच्या वहीतले व्याकरण सुधारतो आहे आणि दुसऱ्या बाजूला त्याच इमारतीत जयघोष चालला आहे. लू शूनने यांपैकी एकाने दुसरे खोडून काढलेले नाही. दोन्ही शेजारी ठेवून दिली आहेत.

मार्च १९०६ मध्ये त्याने विद्यालय सोडले. निरोप घेताना फुजिनोंचा चेहरा पाहून त्याच्याने खरे बोलवेना. आपण आता जीवशास्त्र शिकणार असून आपण शिकवलेले उपयोगी पडेल, असे तो सांगून बसला. जीवशास्त्र शिकण्याचा त्याचा विचारही नव्हता. वैद्यकासाठी शिकवलेल्या शरीरशास्त्राचा जीवशास्त्राला फारसा उपयोग होईल असे वाटत नाही, असे म्हणून फुजिनोंनी सुस्कारा टाकला. थापही मारली ती गुरूंच्या समाधानासाठी, आणि गुरूंनी तिचेही शास्त्रशुद्ध परीक्षणच केले! जाण्याआधी त्यांनी आपले छायाचित्र दिले. मागे वियोगाचे दुःख सांगणारी दोन चित्राक्षरे लिहिली आणि तुझेही छायाचित्र पाठव, पत्र लिहीत जा, असे सांगितले. लू शूनने छायाचित्र पाठवले नाही आणि पत्रही लिहिले नाही. सांगण्यासारखे काही घडत नव्हते. वर्षे गेली तसतसे लिहिणे अधिकच अवघड झाले.

ते न लिहिलेले पत्र वीस वर्षांनी निबंध होऊन आले. ऑक्टोबर १९२६ मध्ये, बीजिंगमधल्या दडपशाहीमुळे शहर सोडून श्यामेनला आलेल्या लू शूनने ‘फुजिनो गुरुजी’ लिहिला. त्याच वर्षी तो नियतकालिकात आला आणि १९२८ मध्ये ‘सकाळची फुले संध्याकाळी वेचलेली’ या अर्थाचे शीर्षक असलेल्या आठवणींच्या संग्रहात समाविष्ट झाला. ते छायाचित्र बीजिंगच्या घरी आपल्या मेजासमोरच्या भिंतीवर असते आणि रात्री थकवा आला की त्याकडे पाहून पुन्हा लिहायला बळ येते, असे तो शेवटी सांगतो. १९३५ मध्ये सातो हारुओ आणि मासुदा वातारू यांनी त्याचे निवडक लेखन जपानीत आणले. निवड तुम्हीच करा, पण ‘फुजिनो गुरुजी’ तेवढा घ्या, असे त्याने कळवले होते. गुरूंचा पत्ता लागावा ही आशा त्यामागे होती. पत्ता लागण्यापूर्वीच १९ ऑक्टोबर १९३६ रोजी त्याचे निधन झाले.

फुजिनो तेव्हा हयात होते. विद्यालयाचे रूपांतर विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेत झाल्यावर पदवीच्या अटीमुळे त्यांना १९१५ मध्ये जागा सोडावी लागली होती आणि फुकुई प्रांतातल्या आपल्या गावी ते रुग्ण तपासत होते. मार्च १९३७ मध्ये त्यांचे टिपण प्रसिद्ध झाले. ते वाचताना प्रथम धक्का बसतो तो त्यांना फारसे काही आठवत नाही याचा. छायाचित्र कधी आणि कसे दिले, तेही त्यांना नीट आठवत नाही. मुलगा मेहनती होता, भाषा पुरती येत नसल्याने त्याला अभ्यास जड जाई, म्हणून तास संपल्यावर थांबून त्याने चुकीचे ऐकलेले दुरुस्त करून देत असू, एवढेच ते लिहितात. एवढ्याशा गोष्टीचे त्याने इतके उपकार का मानावेत, हे त्यांना कळत नाही. मग ते कारणाचा शोध घेतात. चीन-जपान युद्धाला काही वर्षे लोटली होती तरी जपानी लोक चिन्यांना हिणवत. वर्गातही या मुलाला परके मानणारे होते. आपण मात्र लहानपणी फुकुई संस्थानाच्या शाळेत शिकलेल्या नोसाका नावाच्या शिक्षकांकडून अभिजात चिनी ग्रंथ शिकलो होतो. ज्या देशाचे ऋषी वंदनीय, त्या देशाच्या माणसालाही मान द्यावा, असे आपल्याला वाटे.

इथे दोघांच्या पायाखालची भूमी वेगवेगळी असल्याचे दिसते. फुजिनोंचा आदर ज्या प्राचीन चिनी ग्रंथांपोटी जन्मला त्याच ग्रंथपरंपरेवर लू शूनने आयुष्यभर घणाघात केले. त्याच्या ‘वेड्याची रोजनिशी’त (१९१८) ती परंपरा माणसे खाणारी आहे. फुजिनोंना त्याच्यात कन्फ्यूशियसच्या देशाचा मुलगा दिसला आणि त्याला फुजिनोंमध्ये नव्या शास्त्राचा निःस्वार्थ उपासक दिसला. सेंदाईला दोघे या विषयावर मोकळेपणाने बोलले असते तर बहुधा मतभेदच निघाले असते. तेव्हा समान भूमी याचा अर्थ समान मत, समान श्रद्धा किंवा समान स्मृती असा करता येत नाही. या जोडीपुरती ती एका वहीच्या आकाराची होती आणि ती पुरली.

राष्ट्रांना मात्र ती पुरत नाही. युद्धकाळात जपान सरकारच्या माहिती खात्याच्या आणि लेखकांच्या देशभक्त संघटनेच्या योजनेखाली दाझाई ओसामू यांनी या ओळखीवर ‘सेकिबेत्सु’ ही कादंबरी लिहिली. आशियाई सलोख्याचा पुरावा म्हणून ती हवी होती. सप्टेंबर १९४५ मध्ये ती प्रसिद्ध झाली तेव्हा जपान शरण गेला होता, आणि शरणागतीच्या चार दिवस आधी, ११ ऑगस्टला, फुजिनो वारले होते. लू शूनचे भाष्यकार ताकेउची योशिमी यांनी कादंबरीवर कठोर टीका केली. लू शूनला झालेला अपमान तीत सौम्य करून टाकला आहे, हा त्यांचा मुख्य आक्षेप. शांततेच्या काळात स्मारके झाली, १९९८ मध्ये चीनचे राष्ट्राध्यक्ष च्यांग झमिन यांनी सेंदाईच्या त्या वर्गाला भेट दिली. यात गैर काही नाही. फक्त मैत्रीचे प्रतीक करताना निनावी पत्र, ५९.३ गुण आणि पाय बांधण्याचा तो अवघड प्रश्न हे वगळले जातात, आणि वगळले की लाल शाईचे मोलही कळेनासे होते.

परदेशातून आलेल्या विद्यार्थ्याशी काय बोलावे, असे विचारणाऱ्या शिक्षकांना आम्ही म्हणूनच एवढेच सुचवू की, त्याच्या देशाविषयी विचारण्याआधी त्याची वही मागावी. त्याला चांगले म्हणण्याची घाई करू नये. जिथे चुकले असेल तिथे दुरुस्त करावे, आणि हे दर आठवड्याला करावे. त्यातून मैत्री होईल की नाही हे सांगता येत नाही. आपल्याला पुढे काही आठवेल, याचीही खात्री नाही.

घर बदलताना पुस्तकांची एक पेटी फुटली आणि त्या वह्या हरवल्या, असे लू शूनने १९२६ मध्ये खेदाने लिहिले होते. त्याच्या मृत्यूनंतर पंधरा वर्षांनी, १९५१ मध्ये, शाओशिंगला त्या सापडल्या. बांधलेले सहा खंड आता बीजिंगच्या लू शून संग्रहालयात आहेत आणि त्यांतली लाल शाई अजून वाचता येते.